कात्री घरोघरी आली तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चित्रपटगृहात श्रेयनामावली सुरू झाली, की आपण नट-नट्यांची, गायकांची, संगीतकाराची नावे वाचतो. ‘संकलन’ या शब्दापुढचे नाव मात्र सहसा डोळ्यांसमोरून तसेच निघून जाते. मराठीने या कामाला दिलेला शब्दही थोडा फसवाच आहे. संकलन म्हणजे गोळा करणे. पण संकलक जेवढे गोळा करतो, त्याच्या कितीतरी पट टाकून देतो. दोन तासांच्या चित्रपटासाठी कित्येक तासांचे चित्रण झालेले असते. त्यातले काय ठेवायचे, कुठे तोडायचे आणि कशाला काय जोडायचे, हे ठरवणे म्हणजे संकलन.

ही कात्री एके काळी मोजक्याच हातांत होती. आता ती खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहे. लग्नाची, गणपतीच्या मिरवणुकीची, शाळेच्या गॅदरिंगची फिल्म जोडणारी मुले-मुली आज गावोगावी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. फुकट मिळालेल्या सोप्या सॉफ्टवेअरवर हात बसला. आता ‘प्रोफेशनल’ सॉफ्टवेअरकडे वळावे का? वळलो, तर नेमके काय बदलेल? वरवर पाहता हा बाजारातल्या खरेदीचा प्रश्न वाटतो. पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो थोडा समजून घेतला, तर उत्तर शोधणे सोपे जाते.

गंमत अशी, की संकलनाचे पहिले नावाजलेले यंत्र मुळात हौशी माणसासाठीच बनले होते. इवान सेरूरिये या मूळच्या डच अभियंत्याने १९१७ साली अमेरिकेत एक कल्पना मांडली. घरात ग्रामोफोन ऐकतात, तसा घरबसल्या चित्रपट पाहता यावा. त्या काळी ‘व्हिक्ट्रोला’ नावाचा ग्रामोफोन लोकप्रिय होता. त्यावरून याने आपल्या यंत्राचे नाव ठेवले ‘मुव्हिओला’. पण किंमत होती ६०० डॉलरच्या घरात. सामान्य कुटुंबाला ती कशी परवडावी? यंत्रे खपेनात. तेव्हा डग्लस फेअरबँक्स यांच्या स्टुडिओतल्या एका संकलकाला वाटले, हे आपल्याच कामाचे आहे. त्या काळचे संकलक फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून अंदाजाने कापत असत. १९२४ मध्ये सेरूरियेने आपले यंत्र त्यांच्यासाठी बदलून दिले. दिवाणखान्यात न खपलेली वस्तू स्टुडिओत गेली आणि पुढे अनेक दशके जगभरच्या संकलकांच्या टेबलावर राहिली. हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत बुद्धीची असते त्यापेक्षा पैशाची जास्त असते, हे या गोष्टीतून पहिल्यांदा दिसते.

आपल्याकडेही मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मुव्हिओला आणि पुढे जर्मन बनावटीचे आडवे स्टीनबेक ही यंत्रे आली. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे संकलनाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. रेणू सलुजा तिथेच शिकल्या. ‘जाने भी दो यारों’ आणि ‘परिंदा’ या चित्रपटांचे संकलन त्यांचे. पण इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळणारे विद्यार्थी दरवर्षी किती? बाकीच्यांना या धंद्यात शिरायचे, तर उमेदवारीचा एकच रस्ता होता. फिल्मच्या पट्ट्यांवर नंबर घालायचे, त्या आकड्याला लटकवून ठेवायच्या, मागितली ती पट्टी क्षणात काढून द्यायची, चिकटपट्टीने सांधे जोडायचे. अशी काही वर्षे गेली, की मग कधीतरी कात्री हाती यायची. यंत्र शिकणाऱ्याच्या मालकीचे असणे ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात येत नव्हती.

या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. ज्याची ओळख, त्याला स्टूल मिळे. पण एक लाभही होता. उमेदवार रोज जाणत्याच्या शेजारी बसत असे. हा सांधा दोन फ्रेम आधी का आणला, ते त्याला न विचारता कळे. पुढे यंत्र स्वस्त झाले तेव्हा हे शेजारी बसणे हरवले. त्याचा विचार आपल्याला शेवटी करायचा आहे.

टेलिव्हिजनची गोष्ट वेगळी होती. ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली व्हिडिओ टेप आणली. टेपवर चित्र डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ती कापणे अवघड. मग एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हवा तेवढा भाग उतरवून घ्यायची रीत पडली. हिला म्हणतात लिनिअर एडिटिंग. अर्ध्या तासाचा कार्यक्रम तयार झाला आणि पाचव्या मिनिटाला चार सेकंद वाढवायचे ठरले, की पुढचे सगळे पुन्हा उतरवा. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर चित्र फिके पडत जाई. आपल्याकडे लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट ज्यांनी जपून ठेवल्या आहेत, त्यांना तो रंग विटलेला अनुभव ठाऊक असेल.

यावर उपाय शोधताना १९७१ मध्ये अमेरिकेत सीएमएक्स-६०० नावाची यंत्रणा आली. हव्या त्या ठिकाणी उडी मारून संकलन करता येणारी ही पहिली यंत्रणा. कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या डिस्कच्या पेट्या जोडून तिच्यात जेमतेम अर्ध्या तासाचे, तेही कृष्णधवल आणि धूसर चित्रण मावे. किंमत अडीच लाख डॉलर. अर्थात ती फारशी पसरली नाही. पण कल्पना रुजली. १९८९ मध्ये ॲव्हिड या कंपनीने मॅकिंटॉश संगणकावर चालणारी यंत्रणा विकायला काढली आणि दहा वर्षांत चित्रसृष्टीचे रूप पालटले. ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटाचे संकलक वॉल्टर मर्च यांनी काम फिल्म कापूनच सुरू केले होते; मध्येच ते ॲव्हिडवर गेले. त्या चित्रपटाला १९९७ मध्ये संकलनाचे ऑस्कर मिळाले. संगणकावर संकलन झालेल्या चित्रपटाला तो मान प्रथमच मिळत होता.

मात्र ॲव्हिडची जोडणी घ्यायची म्हणजे आपल्या पैशांत अनेक लाखांचा मामला. ज्याच्याकडे यंत्रणा, त्याच्याकडे काम. संकलकाने तासाच्या भाड्याने ‘एडिट सूट’ घ्यायचा आणि घड्याळाकडे पाहत निर्णय घ्यायचे. नवशिक्याला तर प्रयोग करून चुका करायची मुभाच नाही. चूकसुद्धा तासाच्या दराने पडे.

इथे आपल्या कथेतला एक महत्त्वाचा माणूस येतो. रँडी युबिलोस हा तो प्रोग्रामर. ॲडोबी कंपनीचे ‘प्रीमियर’ १९९१ च्या अखेरीस बाजारात आले. त्याचा मूळ कर्ता हाच. पुढे तो मॅक्रोमीडिया कंपनीत गेला आणि तिथे ‘कीग्रिप’ या नावाने नव्या सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले. परवान्यांच्या भानगडीत ते अडकले. शेवटी १९९८ मध्ये ॲपलने ते विकत घेतले आणि एप्रिल १९९९ मध्ये ‘फायनल कट प्रो’ या नावाने ९९९ डॉलरला बाजारात आणले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने आयमॅक डीव्ही या संगणकाबरोबर ‘आयमूव्ही’ फुकट दिले. घरगुती डीव्ही कॅमेऱ्याची वायर संगणकाला जोडायची, चित्रण आत घ्यायचे, नको ते कापायचे, झाले. गुणवत्ता न गमावता नक्कल करता येऊ लागली, ही त्यातली खरी क्रांती. अडचणी होत्याच. एका तासाच्या डीव्ही चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागे आणि त्या संगणकाची स्वतःची डिस्क होती १० जीबीची! पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर ‘मूव्ही मेकर’ दिले. आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी पहिला सांधा जोडला तो याच मूव्ही मेकरवर. २०१७ च्या जानेवारीत कंपनीने ते बंद केले.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नवशिक्याचे सॉफ्टवेअर आणि व्यावसायिकाचे सॉफ्टवेअर यांत फरक कोणता? पुष्कळांना वाटते, की महाग सॉफ्टवेअरमध्ये पान उलटल्यासारखे, तारे उधळल्यासारखे परिणाम जास्त असतात. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. तसले चमचमीत परिणाम सोप्या सॉफ्टवेअरमध्येच भरपूर असतात.

पहिल्या आयमूव्हीत चित्राचा एकच पट्टा आणि आवाजाचे दोन पट्टे होते. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये असे अनेक पट्टे एकावर एक ठेवता येतात. बोलणाऱ्याचा आवाज चालू ठेवून ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा, तर त्याला हे लागते. दुसरा फरक टाइमकोडचा. तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा आकड्यांनी प्रत्येक चित्राला पत्ता मिळतो. आपल्याकडच्या टेलिव्हिजन पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. सोपे सॉफ्टवेअर हा पत्ता सहसा लपवते, कारण घरगुती वापरात त्याची गरज नसते. व्यावसायिकाला त्याशिवाय मूळ चित्रण परत शोधताच येत नाही.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येणे. चित्रपटाचे संकलन झाले, की ते ध्वनीवाल्याकडे जाते, रंग सुधारणाऱ्याकडे जाते, इफेक्ट्सवाल्याकडे जाते. त्यांची यंत्रे वेगळी, सॉफ्टवेअर वेगळी. तेव्हा कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला, याची यादी सर्वांना वाचता येईल अशा रूपात काढावी लागते. ईडीएल, ओएमएफ, एक्सएमएल ही नावे अशा याद्यांचीच. घरगुती सॉफ्टवेअर धरून चालते, की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस आहे. व्यावसायिक सॉफ्टवेअर धरून चालते, की पुढे दहा माणसे वाट पाहत आहेत.

हे नीट समजते ‘कोल्ड माउंटन’च्या उदाहरणावरून. २००३ च्या या मोठ्या खर्चाच्या चित्रपटासाठी वॉल्टर मर्च यांनी ॲव्हिड सोडून फायनल कट प्रो निवडले. चित्रण रुमानियात चालले होते. ॲव्हिडच्या एका जोडणीच्या खर्चात मॅक संगणकांवर अनेक जोडण्या उभ्या राहत होत्या. म्हणजे सहायकांनाही स्वतंत्र टेबल मिळत होते. कापणे-जोडणे जमेल याविषयी कोणाला शंका नव्हती. धास्ती होती ती वेगळीच. काम ध्वनी विभागाकडे सोपवायचे कसे, बदललेल्या सांध्यांची यादी मूळ फिल्मच्या क्रमांकांशी जुळवायची कशी? वाटेत जोड-तोड करत ते निभावले. चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि हजार डॉलरचे सॉफ्टवेअर मोठ्या पडद्याच्या कामाचे आहे, हे जगाला मान्य करावे लागले. त्याच वर्षी ॲपलने २९९ डॉलरचे ‘फायनल कट एक्स्प्रेस’ काढले. आयमूव्ही, एक्स्प्रेस आणि प्रो अशी तीन पायऱ्यांची शिडी उभी राहिली. खालच्या पायरीवर शिकलेले वर उपयोगी पडत होते.

ही शिडी २०११ मध्ये मोडली. त्या वर्षी २१ जूनला ‘फायनल कट प्रो टेन’ आले. किंमत एकदम उतरून ३०० डॉलर. एक्स्प्रेस बंद झाले आणि जुन्या प्रोची विक्रीही थांबली. नवे सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहिलेले होते. पुन्हा त्याच युबिलोसच्या पुढाकाराने. २००७ मध्ये त्याने आयमूव्हीही असेच नव्याने घडवले होते आणि त्या दोघांचे तोंडावळे बरेच जुळत होते. व्यावसायिकांनी ते उघडून पाहिले तेव्हा त्यांना धक्काच बसला. अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र पाहण्याची सोय नव्हती. ईडीएल, एक्सएमएल, ओएमएफ काढण्याची सोय नव्हती. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जुन्या फायनल कट प्रोवर केलेले काम त्यात उघडतच नव्हते. घरगुती आयमूव्हीतले काम मात्र उघडत होते! लोकांनी चिडून त्याचे नाव ‘आयमूव्ही प्रो’ पाडले.

बाहेरच्या माणसाला हा कांगावा वाटेल. पण ज्यांनी दहा-दहा वर्षांचे माहितीपट, मालिका, जाहिराती त्यात केल्या होत्या, त्यांच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न होता. ग्राहक सहा महिन्यांनी येऊन ‘तेवढा एक सांधा बदला’ म्हणाला, तर काय सांगणार? कंपनीने पुष्कळांचे पैसे परत केले, काही काळ जुन्या आवृत्तीची विक्री पुन्हा सुरू केली. सप्टेंबर २०११ मध्ये एक्सएमएलची सोय आली, जानेवारी २०१२ मध्ये अनेक कॅमेऱ्यांची. पण तोवर बरेच संकलक प्रीमियरकडे किंवा परत ॲव्हिडकडे गेले होते. ‘द सोशल नेटवर्क’ आणि ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ या चित्रपटांना २०११ आणि २०१२ मध्ये लागोपाठ संकलनाची ऑस्कर मिळाली, ती दोन्ही जुन्या फायनल कटवर झालेल्या कामाला. कोरियाच्या ‘पॅरासाइट’चे संकलनही जुन्या सातव्या आवृत्तीवरच झाले आणि तो चित्रपट आला २०१९ मध्ये. हाताला सवय झालेले हत्यार माणूस किती जपतो, ते यावरून दिसते. नव्या फायनल कटलाही पुढे आपले चाहते मिळाले. हॉलिवूडचा ‘फोकस’ हा २०१५ चा चित्रपट त्यावरच झाला. म्हणजे हत्यार वाईट नव्हते. वाट पाहणाऱ्या दहा माणसांचा विचार त्यात उशिरा झाला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ॲडोबीने २०१३ पासून मासिक-वार्षिक वर्गणीची पद्धत आणली. सुरुवातीचा खर्च कमी झाला, पण वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबते. दुसरीकडे ‘दा विंची’ ही चित्रपटांचे रंग सुधारण्याची लाखो डॉलरची यंत्रणा ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये विकत घेतली. २०१० मध्ये तिचे सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला आणि २०११ मध्ये त्याची साधी आवृत्ती चक्क फुकट दिली. नंतर त्यात संकलन, ध्वनी, इफेक्ट्स असे विभाग जोडले गेले. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ या चित्रपटाला २०२३ मध्ये संकलनाचे ऑस्कर मिळाले. ते काम प्रीमियरवर झाले होते. त्यातले इफेक्ट्स बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांनी केले आणि त्यांच्यातले बहुतेक जण स्वतःच्या बळावर शिकलेले होते. सेरूरियेच्या काळातली पैशाची भिंत आता बरीचशी पडली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला मात्र आणखी एक भिंत ओलांडावी लागली. ती देवनागरीची. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये मराठी शीर्षके टाइप केली, की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे, जोडाक्षरे तुटत. ‘प्रस्तुत’ सरळ उमटेल याची खात्री नसे. मग पुण्याच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे जुळवायची किंवा फोटोशॉपमध्ये पाटी रंगवून ती चित्र म्हणून आणायची, अशा युक्त्या गावोगावच्या स्टुडिओंनी काढल्या. चमचमीत परिणाम शेकडो, पण आपली जोडाक्षरे मात्र नाहीत, अशी कितीतरी वर्षे गेली. पुढे यात सुधारणा झाली. तरीही नवे सॉफ्टवेअर निवडताना पहिल्या दिवशी ‘ज्ञानेश्वर’, ‘कार्यक्रम’, ‘दृष्टी’ एवढे तीन शब्द टाइप करून पाहावेत. तो सल्ला कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही.

मग वरच्या पायरीवर जावे केव्हा? माझ्या मते याची कसोटी साधी आहे. तुमचे काम दुसऱ्या माणसाच्या हाती जाऊ लागले, ध्वनी कोणी वेगळा करतो, ग्राहक महिन्यांनी बदल मागतो, दोन कॅमेऱ्यांचे चित्रण जुळवावे लागते, तर वेळ झाली आहे. केवळ फिल्म फिकी वाटते म्हणून सॉफ्टवेअर बदलले, तर नवीही फिकीच होईल. आणि वर गेल्यावर एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. काम संपले, की तयार फिल्म उत्तम प्रतीत वेगळी ठेवावी, सांध्यांची यादी एक्सएमएल किंवा ईडीएलमध्ये काढून ठेवावी आणि मूळ चित्रण दोन ठिकाणी जपावे. २०११ मध्ये ज्यांनी एवढे केले होते, त्यांचे नुकसान कमी झाले.

राहिला प्रश्न त्या शेजारच्या स्टुलाचा. वॉल्टर मर्च यांनी चांगल्या सांध्याच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्यांना टक्केही दिले आहेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १० आणि चित्राच्या तांत्रिक सलगतेशी संबंधित उरलेल्या तिन्हींना मिळून १६. फुकट असो वा महाग, सॉफ्टवेअर मदत करते ती मुख्यतः त्या शेवटच्या सोळांत. उरलेले चौऱ्याऐंशी टक्के पूर्वी जाणत्याच्या शेजारी बसून मिळत. आज घरात एकट्याने शिकणाऱ्या मुलाला ते आपणहून मिळवावे लागतात. त्यासाठी आवडता एखादा प्रसंग घ्यावा, आवाज बंद करून तो पाहावा आणि प्रत्येक सांध्याला थांबून विचारावे, हा इथेच का? मग आपले काम घरच्यांना दाखवावे, आणि दाखवताना पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. ते कुठे चुळबुळतात, तिथे कात्री चालवायची बाकी आहे असे समजावे.